हाताने ओढलेली रेघ : वाहनांवरील पिनस्ट्रायपिंगविषयी वाचकांचे प्रश्न

वाहनाच्या टाकीवर, मडगार्डवर किंवा दारावर ब्रशने, कोणतीही पट्टी न लावता, बारीक रेघा ओढण्याच्या कामाला पिनस्ट्रायपिंग म्हणतात. या कामाविषयी सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे नव्याने शिकू पाहणाऱ्यांची असल्यामुळे या वेळचे सदर त्यांच्यासाठीच ठेवले आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे वडिलांची जुनी बुलेट आहे. टाकीला नवा रंग दिला तेव्हा तिच्यावरच्या सोनेरी रेघा गेल्या. त्या मला स्वतःच्या हाताने पुन्हा ओढायच्या आहेत. शाळा सुटल्यापासून मी ब्रश हातात धरलेला नाही आणि माझी चित्रकलाही बेताचीच आहे. सुरुवात कोठून करावी?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, इस्लामपूर

उत्तर : चित्रकला बेताची आहे म्हणून आपले काही अडणार नाही, कारण या कामात पहिले कित्येक आठवडे चित्र काढायचेच नसते, फक्त एकसारख्या जाडीची, न थरथरणारी, लांब रेघ ओढायची असते. नवशिक्याला वाटते की अशी रेघ स्थिर हातामुळे येते. माझे मत असे आहे की हाताचा वाटा त्यात दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला वाटा ब्रशमध्ये रंग किती, कसा आणि कोणत्या दाटपणाचा भरला आहे याचा असतो. नवशिक्यांच्या ज्या रेघा बिघडतात, त्यांतील बहुतेक ब्रश पृष्ठभागाला टेकण्यापूर्वीच बिघडलेल्या असतात.

हे समजण्यासाठी आधी ब्रशची रचना लक्षात घ्यावी लागेल. पिनस्ट्रायपिंगच्या ब्रशला तलवारी ब्रश म्हणता येईल, कारण त्याचे केस एका बाजूने तिरपे होत जाऊन टोकाशी निमुळते झालेले असतात. दांडा अगदी आखूड असतो आणि केस मात्र साधारण पाच सेंटीमीटर लांब असतात. या लांब केसांची दोन कामे आहेत. एक म्हणजे ते रंगाचा साठा धरतात, त्यामुळे एका भरणीत हातभर लांबीची रेघ ओढता येते. दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे. रेघ ओढताना हे केस पृष्ठभागावर आडवे पडून बोटांच्या मागे फरफटत येत असतात, त्यामुळे बोटांना बसलेला बारीकसा हिसका केसांच्या टोकापर्यंत पोहोचण्याआधीच विरून जातो. शाळेतल्या गोल, आखूड केसांच्या ब्रशने सरळ रेघ येत नाही याचे कारण हेच आहे, आणि त्या ब्रशने केलेल्या प्रयत्नावरून स्वतःच्या हाताबद्दल मत बनवणे चुकीचे ठरेल.

आता रंग भरण्याविषयी. डब्यातील रंग पूर्ण ढवळून, मलमलच्या फडक्यातून गाळून, एका लहान वाटीत थोडा घ्यावा. दुसऱ्या वाटीत मिनरल टर्पेंटाइन घ्यावे. शेजारी गुळगुळीत, चकचकीत कागद ठेवावा, जुन्या रंगीत मासिकाचे पान त्यासाठी उत्तम असते. ब्रश आधी टर्पेंटाइनमध्ये बुडवून फडक्यावर टिपावा, मग रंगात बुडवावा आणि त्या कागदावर एकदा एका बाजूने व एकदा दुसऱ्या बाजूने, लांब लांब ओढत राहावे. या ओढण्याने रंग केसांच्या मुळापर्यंत शिरतो, जादा रंग कागदावर उतरतो आणि केस एकत्र येऊन पात्यासारखे चपटे होतात. रंग घट्ट असेल तर ब्रश कागदाला ओढल्यासारखा अडतो. अशा वेळी ब्रशच्या टोकाने टर्पेंटाइनचा थेंब उचलून पुन्हा ओढावे. रंग फार पातळ झाला असेल तर ब्रश घसरतो आणि कागदावरील रेघेच्या कडा पसरू लागतात. या दोन्हींच्या मधली जी अवस्था आहे, ती वाचून समजत नाही. ती बोटांना कळावी लागते, आणि ती कळण्यासाठी सुरुवातीच्या दिवसांत रेघेपेक्षा भरणीवर अधिक वेळ घालवावा, असा माझा आग्रह आहे. प्रत्येक वेळी ब्रश भरताना ही संपूर्ण क्रिया करावी लागते. घाईने नुसता ब्रश बुडवून थेट टाकीवर गेलेला मनुष्य सुरुवातीला जाड ठिपका आणि वीतभर अंतरावर तुटकी रेघ, असेच काहीतरी मिळवतो.

ब्रश अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये, केस जिथे दांड्यात बसवलेले असतात त्याच्या जवळ धरावा. मधले बोट, अनामिका आणि करंगळी पृष्ठभागावर टेकवून ती घसरती ठेवावीत. मनगट वळवू नये. हात खांद्यापासून हलवावा आणि लांब रेघेसाठी शरीरही मागे न्यावे. रेघ नेहमी स्वतःकडे ओढावी, ढकलू नये. आधी टोक टेकवून मग केस हलकेच आडवे पडू द्यावेत आणि जाडी जमली की तोच दाब शेवटपर्यंत ठेवावा, कारण दाब वाढला की रेघ रुंदावते. नजर ब्रशच्या टोकावर न ठेवता रेघ जिथे जायची आहे तिथे, दोन-चार बोटे पुढे ठेवावी. वेग मध्यम आणि एकसारखा हवा. फार सावकाश गेल्यास हाताची प्रत्येक थरथर रेघेत उतरते, आणि फार वेगाने गेल्यास केसांतून रंग उतरायला वेळ मिळत नाही. रंग संपत आला असे वाटताच ब्रश हळूहळू उचलत न्यावा, म्हणजे रेघ निमुळती होऊन संपते. पुन्हा भरलेला ब्रश त्या निमुळत्या भागावरच टेकवून पुढे जावे, म्हणजे सांधा दिसत नाही.

सरावासाठी खिडकीची जुनी काच घ्यावी आणि तिच्या धारदार कडांना आधी चिकटपट्टी लावावी. काचेखाली आलेखाचा कागद ठेवला की सरळपणा आणि समांतर अंतर लगेच तपासता येते, आणि काच भरली की टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून पुन्हा कोरी करता येते. प्रथम आडव्या व उभ्या सरळ रेघा, नंतर एकमेकींपासून समान अंतरावरच्या दोन रेघा, त्यानंतर मोठ्या त्रिज्येचे वळण आणि सर्वांत शेवटी इंग्रजी एस अक्षरासारखे उलटसुलट वळण, असा क्रम ठेवावा. वळणावर हात फिरवायचा नसतो; अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दांडाच किंचित फिरवायचा असतो, म्हणजे केसांचे पाते वळणाच्या दिशेने राहते. आखूड दांड्याचा उपयोग इथे समजतो.

काचेवर हात बसला तरी लगेच वडिलांच्या टाकीकडे जाऊ नये. भंगारवाल्याकडून एखादी जुनी टाकी आणावी, कारण सपाट काचेवर कधीच न भेटणारी एक अडचण गोलाकार टाकीवर असते: पृष्ठभाग हाताखालून सतत निसटत असतो. टाकी गाडीवरून काढून, फडके घातलेल्या स्टँडवर ठेवून, रेघ ओढायचा भाग प्रत्येक वेळी आपल्याकडे येईल अशी ती फिरवत राहावे. रेघ टाकीच्या कडेला समांतर जाणार असेल तर टेकवलेले बोट त्या कडेला लावून सरकवावे, म्हणजे कडच मार्ग दाखवते. जिथे अशी कड नाही तिथे तीन मिलिमीटर रुंदीची बारीक टेप चिकटवून तिच्या बाजूने, तिला स्पर्श न करता, रेघ ओढावी. उजव्या हाताने काम करणाऱ्याला टाकीची एक बाजू हमखास सोपी आणि दुसरी अवघड जाते. अवघड बाजू आधी करावी आणि सोप्या बाजूची रेघ तिला जुळवून घ्यावी, हे अधिक शहाणपणाचे आहे.

एक इशारा मात्र गांभीर्याने घ्यावा. टाकी रिकामी केली तरी तिच्यात पेट्रोलची वाफ राहते आणि ती भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असू शकते. अशी टाकी घरात, स्वयंपाकघराजवळ किंवा जिथे ठिणगी उडते अशा गॅरेजमध्ये ठेवू नये.

प्रश्न : परदेशी व्हिडिओंमध्ये दिसणारे ब्रश आणि रंग इथल्या दुकानांत मिळत नाहीत. ते मागवावेच लागतात का? आपल्याकडील साध्या एनामलने काम होईल का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : ब्रश मागवावा, रंगासाठी थांबू नये. अमेरिकेत मिशिगन राज्यातील मॅक ही कंपनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून असे ब्रश बनवते आणि खारीच्या केसांचे तिचे तलवारी ब्रश या कामात प्रमाण मानले जातात. आता कृत्रिम केसांचे तलवारी ब्रशही मिळतात. ते किंचित ताठ असतात, पण शिकण्यासाठी पुरेसे आहेत. शून्य किंवा दोन शून्य क्रमांकाचा एकच ब्रश सुरुवातीला घ्यावा. चार ब्रश घेतलेला नवशिका चूक झाली की ब्रश बदलत बसतो. एखाद्या दुकानदाराने मुंगसाच्या केसांचा ब्रश दाखवला तर तो घेऊ नये, कारण मुंगूस वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे आणि त्याच्या केसांचा व्यापार हा गुन्हा आहे.

रंगाच्या बाबतीत, अमेरिकी कारागीर वापरतात त्या वन शॉट या अक्षरलेखनाच्या एनामलमध्ये रंगद्रव्याचे प्रमाण पुष्कळ असते, त्यामुळे काळ्या टाकीवर पिवळी रेघसुद्धा एका हातात झाकते. आपल्या हार्डवेअरच्या दुकानातील सिंथेटिक एनामल दारे-खिडक्यांसाठी बनवलेले असते. त्यात रंगद्रव्य कमी असल्यामुळे गडद पृष्ठभागावर पांढरी, पिवळी किंवा सोनेरी रेघ फिकी पडते आणि वाळल्यावर तिच्यावरूनच दुसरा हात द्यावा लागतो. सरावाला मात्र त्यात काहीच कमी नाही. टर्पेंटाइनच्या जागी डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानातील एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचा) थिनर वापरण्याचा मोह टाळावा; तो खालचा रंग विरघळवू शकतो. रंग फार लवकर घट्ट होत असेल तर उकळलेल्या जवसाच्या तेलाचे एक-दोन थेंब घालण्याची बोर्ड रंगवणाऱ्यांची जुनी पद्धत उपयोगी पडते. पण ते तेल लागलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि अशा ढिगाने आपोआप पेट घेतल्याच्या घटना जगभर घडलेल्या आहेत. चिंध्या मोकळ्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

ब्रशची निगा हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल. येथे एवढेच सांगतो की काम झाल्यावर ब्रश टर्पेंटाइनमध्ये दोन-तीनदा धुऊन, केसांत न वाळणारे तेल, म्हणजे इंजिन ऑइल किंवा शिलाई यंत्राचे तेल, मुरवून, केस सरळ करून आडवा ठेवावा. जवसाचे तेल यासाठी चालत नाही, कारण ते वाळून केस चिकटवते. पुन्हा वापरण्यापूर्वी ते तेल टर्पेंटाइनने पूर्ण काढून टाकावे लागते. ब्रश भांड्यात केसांवर उभा करून ठेवला तर केस एकदा वाकतात ते कायमचे.

प्रश्न : मी एस. टी. महामंडळातून निवृत्त झालो आहे. हात थोडा कापतो. या वयात हे शिकता येईल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : लांब केसांचा ब्रश लहान थरथर कशी गिळतो हे वर सांगितलेच आहे. त्याशिवाय टेकवलेली तीन बोटे आणि दुसऱ्या हाताची मूठ मनगटाखाली घेतल्यास हाताला चांगला आधार मिळतो. पूर्वीचे बोर्ड रंगवणारे टोकाला कापड गुंडाळलेली काठी एका हाताने फळ्याला टेकवून तिच्यावर दुसरा हात ठेवत असत. सपाट दारावर किंवा ट्रकच्या फळ्यावर तीही चालते. सकाळी, चहा घेण्यापूर्वी हात अधिक स्थिर असतो असा पुष्कळांचा अनुभव आहे. कापरे वाढत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवावे. वयाची खरी अडचण हातापेक्षा डोळ्यांची असते. वाचनाचा चष्मा पुस्तकाच्या अंतरासाठी असतो आणि हे काम त्यापेक्षा थोडे लांबून करायचे असते, म्हणून हातभर अंतरासाठीचा चष्मा वेगळा करून घेतल्यास लाभ होईल.

प्रश्न : मी अनेक वर्षे रांगोळी आणि मेंदी काढते. मुलाच्या गाडीच्या मडगार्डवर दोन्ही बाजूंना सारखी नक्षी काढायची आहे. हाताला असलेली सवय उपयोगी पडेल की आड येईल?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन्ही होईल. रचना डोळ्यांसमोर उभी करणे, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना समतोल राखणे, वळणाचा शेवट कुठे सोडायचा हे ओळखणे, या गोष्टी आपल्याकडे आधीपासून आहेत आणि इतर नवशिक्यांना त्याच मिळवायला सर्वांत जास्त वेळ लागतो. आड येईल ती बोटांची सवय. रांगोळीत चिमूट पृष्ठभागाला लागत नाही आणि मेंदीचा कोन दाबून जाडी वाढवली जाते. येथे साधनच पृष्ठभागावर आडवे पडलेले असते आणि जाडी दाबावर व पात्याच्या कोनावर ठरते. शिवाय मेंदीत आपण रेघ कोणत्याही दिशेने नेता. या ब्रशने ती फक्त स्वतःकडेच ओढता येते, म्हणून वळण पुरे करण्याऐवजी आपल्याला स्वतःची जागा किंवा मडगार्डची दिशा बदलावी लागेल.

सममित नक्षीची जी शैली आज सर्वत्र दिसते, ती 1950च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियात वाढली. केनेथ हॉवर्ड, जो व्हॉन डच या नावाने ओळखला गेला, हा तिचा सर्वांत प्रसिद्ध कारागीर. त्याचे वडील पाट्या रंगवण्याचे काम करीत. त्याआधी घोडागाड्यांवर आणि सुरुवातीच्या मोटारींवर रेघा होत्या, पण त्या गाडीच्या आकाराला धरून जात. कॅलिफोर्नियातील या कारागिरांनी रेघेला गाडीच्या आकारापासून मोकळे केले आणि बॉनेटच्या मधोमध, एकमेकींना छेदणाऱ्या वळणांची आरशासारखी नक्षी आणली.

अशी नक्षी काढताना प्रथम पुसता येणाऱ्या पेन्सिलीने किंवा खडूने मध्यरेषा आखावी आणि तिच्यावर काही आडव्या खुणा कराव्यात. मग डावीकडचे एक वळण काढले की लगेच त्याचे उजवीकडचे जोडीदार वळण काढावे. संपूर्ण डावी बाजू आधी आणि मग उजवी, असे केल्यास दुसरी बाजू हमखास वेगळी होते, कारण तोपर्यंत हाताचा वेग आणि रंगाचा दाटपणा दोन्ही बदललेले असतात. दोन मडगार्डांवर अगदी सारखीच नक्षी हवी असेल तर ती कागदावर काढून, रेषेवर सुईने जवळजवळ छिद्रे पाडावीत आणि कापडाच्या पुरचुंडीत खडूची भुकटी घालून ती कागदावरून आपटावी. भरतकामाचे खाके छापले जातात तीच ही रीत आहे. मात्र छापलेल्या ठिपक्यांवरून ब्रश नेण्यापूर्वी जादा भुकटी फुंकून टाकावी, नाहीतर ती रंगात मिसळते.

प्रश्न : मी डेंटिंग-पेंटिंगचे काम करतो. रेघ बरी येते, पण तिच्यावर 2के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळलेला पारदर्शक थर, मारला की ती सुरकुतते. काही ठिकाणी रेघ ओढतानाच रंग फाटून बारीक खड्डे पडतात. पावसाळ्यात तर काहीच धड होत नाही.
— एक व्यावसायिक, चिंचवड

उत्तर : आपण तीन वेगळ्या दोषांविषयी लिहिले आहे आणि त्यांची कारणेही वेगळी आहेत.

सुरकुतण्याचे कारण असे की एनामल हवेतील ऑक्सिजन घेऊन वाळतो आणि ही क्रिया वरून आत अशी अनेक दिवस चालू असते. वरची कातडी हाताला कोरडी लागते, पण आतील थर कच्चा असतो. क्लिअरमधील तीव्र थिनर त्या कातडीतून आत शिरतो, खालचा थर फुगतो आणि रेघ वर उचलली जाते. त्यावर दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग जुना आणि सोपा आहे: आधी क्लिअर मारून तो पूर्ण पक्का होऊ द्यावा आणि एनामलची रेघ सर्वांत वर, उघडी ठेवावी. अशी रेघ बोटाला लागते, कालांतराने थोडी झिजते, पण तिच्यावर दुसरी रेघ ओढून ती केव्हाही ताजी करता येते. दुसरा मार्ग म्हणजे रेघच हार्डनर मिसळलेल्या युरेथेन रंगाने ओढावी आणि तिच्यावर त्याच पद्धतीचा क्लिअर मारावा. हा रंग ब्रशमध्ये लवकर घट्ट होतो, म्हणून थोडा थोडा मिसळावा. रेघ क्लिअरखाली पुरायची असेल तर खालचा थर आधी राखाडी स्कॉचब्राइटने किंवा 1500 नंबरच्या पाण्याच्या पेपरने एकसारखा मंद करून घ्यावा. पहिल्या क्लिअरनंतर रेघेची उंची जाणवत असल्यास पेपर मारून दुसरा क्लिअर द्यावा. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात आणि त्यांनी कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून क्लिअर मारण्याची आपल्याकडील सवय मला मान्य नाही. हवा गाळणाऱ्या योग्य काडतुसाचा मुखवटा घ्यावा आणि काडतूस वेळेवर बदलावे.

खड्डे पडतात ते बहुतेक वेळा सिलिकॉनमुळे. टायर आणि डॅशबोर्ड चमकवण्याच्या पॉलिशमध्ये सिलिकॉन असते. ते हाताने, फडक्याने आणि हवेतूनही पृष्ठभागावर येते आणि रंग तिथून मागे सरतो. साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, मेण व तेल काढणाऱ्या द्रावाने पुसावे. पुसण्याची रीत महत्त्वाची आहे: एका फडक्याने द्राव लावावा आणि तो उडून जाण्यापूर्वी दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यावा. एकच फडके फिरवत राहिल्यास मेण निघत नाही, फक्त पसरते. त्यानंतर तळहात त्या जागी टेकू नये.

पावसाळ्यातील दमट हवेत एनामल सावकाश वाळतो आणि त्यावर धूळ व किडे बसतात; एनसी रंगावर तर पांढुरकी झाक येते, कारण थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होऊन त्यावर हवेतील पाणी जमते. सतत पाऊस असताना एनसीचे काम घेऊच नये. एनामलची रेघ बंद खोलीत, पंखा न लावता ओढून ती रात्रभर झाकलेल्या जागी ठेवावी. एप्रिल-मे महिन्यांतील अडचण उलट असते: उन्हात तापलेल्या पत्र्यावर रंग टेकताच घट्ट होतो आणि ब्रश अडखळतो. त्या दिवसांत सकाळी लवकर, सावलीत, पत्रा हाताला गार लागत असताना काम उरकावे.

प्रश्न : रेडियमच्या दुकानात दहा मिनिटांत सरळ पट्ट्या कापून मिळतात. मग एवढा खटाटोप कशासाठी?
— एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : सरळ पट्टीच हवी असेल आणि ती लवकर हवी असेल, तर रेडियमच्या दुकानात जाणेच योग्य आहे. ब्रशच्या रेघेचा फायदा तिथे आहे जिथे पृष्ठभाग दोन दिशांनी वळतो, कारण तिथे चिकटपट्टीला सुरकुत्या पडतात किंवा ती कडेने सुटू लागते. शिवाय ब्रशची रेघ जाड-बारीक होत जाऊ शकते, पट्टी तशी होत नाही. रॉयल एनफील्डच्या बुलेटच्या टाकीवरील रेघा, ज्यांना कंपनी मद्रास स्ट्राइप्स म्हणते, चेन्नईतील कुमार कुटुंबाच्या कारागिरांनी हाताने ओढलेल्या असतात. इंग्लंडमध्ये रोल्स-रॉइस आपल्या मोटारींच्या बाजूवरून जाणारी तीन मिलिमीटर रुंदीची, सहा मीटरपर्यंत लांबीची रेघ आजही ब्रशने ओढून घेते. या दोन्ही ठिकाणी यंत्र परवडत नाही म्हणून हात ठेवलेला नाही.

चाकाच्या रिमवरील गोल रेघेबाबतही अनेकांनी विचारले आहे. ती ओढताना हात फिरवायचा नसतो. चाक स्टँडवर बसवून ते सावकाश फिरवावे आणि ब्रश एका जागी आधाराने स्थिर धरावा. घोडागाड्यांची चाके अशीच रंगवली जात.

प्रश्न : अशा रेघा काढल्यास आर.टी.ओ.ची परवानगी लागते का? आणि हे शिकून त्यावर पोट भरता येईल का?
— आय.टी.आय. उत्तीर्ण, कराड

उत्तर : नोंदणी पुस्तकात वाहनाचा रंग नमूद असतो, त्यामुळे मुख्य रंग बदलल्यास त्याची नोंद करून घ्यावी लागते, काळी टाकी काळीच ठेवून तिच्यावर बारीक रेघा ओढल्याने तो रंग बदलत नाही. संपूर्ण वाहन रंगवणार असाल तर ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण दलांच्या वाहनांसाठी राखीव आहे हे ध्यानात ठेवावे. नंबरप्लेटवर, दिव्यांवर आणि परावर्तक पट्ट्यांवर ब्रश लावू नये, गिऱ्हाइकाने कितीही आग्रह केला तरी.

पोट भरण्याविषयी मोघम उत्तर देणार नाही. केवळ पिनस्ट्रायपिंगवर उदरनिर्वाह करणारे कारागीर भारतात मोजकेच आहेत. परंतु जुन्या बुलेट, येझदी, राजदूत आणि स्कूटर नव्याने उभ्या करणाऱ्या गॅरेजना रेघांसाठी माणूस लागतो आणि तो सहज मिळत नाही. अशा दोन-तीन गॅरेजशी संधान बांधून, रंगकामाच्या मूळ धंद्याला जोड म्हणून हे काम धरणे शहाणपणाचे ठरेल. शिकण्यासाठी औपचारिक वर्ग शोधण्यापेक्षा आपल्या तालुक्यात फ्लेक्स येण्यापूर्वी दुकानांच्या पाट्या आणि ट्रकचे फळे रंगवणारे जे पेंटर असतील, त्यांच्याकडे जावे. त्यांनी तलवारी ब्रश कदाचित पाहिलेला नसेल, पण रंग किती पातळ करावा आणि ब्रश कसा भरावा, हे ते पंधरा मिनिटांत दाखवू शकतील. पहिली काही कामे मोबदला न घेता, पण स्वतःच्या किंवा घरच्या वाहनांवरच करावीत. पैसे घेऊन काम करू लागल्यावर दर रेघेवर न ठरवता टाकीवर ठरवावा आणि पृष्ठभाग साफ करण्याची मजुरी वेगळी लावावी. काम हाती घेण्यापूर्वी आधीच्या रंगातील ओरखडे, फुगे आणि पोपडे गिऱ्हाइकाला दाखवून त्यांचे फोटो काढून ठेवावेत, कारण नवी रेघ ओढल्यावर गिऱ्हाइकाची नजर टाकीवर बारकाईने फिरू लागते आणि जुना ओरखडाही आपल्याच नावावर जमा होतो.